रेनकोट गळतो की आपण?



पावसाळा सुरू झाला की आमच्या घरी एक तक्रार ठरलेली असते. माझी मुलगी शाळेतून सायकलवरून येते, रेनकोट खुंटीला अडकवते आणि म्हणते, "बाबा, हा रेनकोट गळतो!" पाहावे तर गणवेश खरोखरच ओला. मागच्या वर्षी मी त्या रेनकोटाची परीक्षाच घेतली. एका बाहीचे टोक घट्ट बांधले, बाहीत दोन तांबे पाणी ओतले आणि ती रात्रभर टांगून ठेवली. सकाळी खालची फरशी ठणठणीत कोरडी होती. मग गणवेश भिजवणारे पाणी आले कुठून?

उत्तर तुम्ही स्वतः शोधू शकता. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घाला आणि मनगटापाशी पिशवीचे तोंड हलके बांधा. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी आतून धुरकट होईल आणि हात दमट लागेल. हे पाणी आकाशातले नव्हे, तुमचेच आहे.

आता थोडा हिशेब करू. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा पेडल फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. मध्यम वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या शरीरात अशी सुमारे २०० वॅट उष्णता निर्माण होते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. सगळी उष्णता घामावाटेच बाहेर टाकायची म्हटली, तर अर्ध्या तासात १५० ग्रॅम, म्हणजे कपभर पाणी लागेल! बंद रेनकोटात या वाफेला वाट मिळत नाही. ती थंड कापडावर पुन्हा पाणी होऊन बसते.

"मग वाफ बाहेर सोडणारे महागडे कापड घ्यावे," असे कोणी म्हणेल. अशी कापडे आहेत. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन एका झटक्यात ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळवला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफेचे रेणू सहज बाहेर पडतात. मात्र वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तर. घामेजल्या त्वचेलगतच्या ३४ अंश सेल्सिअसच्या हवेत दर घनमीटरला सुमारे ३७ ग्रॅम वाफ मावते. थंड देशातल्या ५ अंशांच्या हवेत ती ७ ग्रॅमही नसते. आपल्याकडे जुलैच्या पावसात २६ अंशांची दमट हवा २४ ग्रॅमच्या आसपास वाफ आधीच घेऊन बसलेली असते. म्हणजे फरक ३० वरून १३ वर आला. तेव्हा थंड मुलखात जे कापड उत्तम, ते कोकणात तितकेच उपयोगी पडेल असे नाही. वडिलांना त्यासाठी खर्चात पाडू नका. साध्या कापडाचा, पण हवा खेळती ठेवणारा रेनकोट मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

हवेसाठी झरोका कुठे हवा? भातलावणी करणाऱ्या बाईचे इरले आठवा. ती वाकलेली असते, पाऊस पाठीवर पडतो. म्हणून पाठ झाकलेली आणि पुढची बाजू मोकळी. सायकलस्वाराचे नेमके उलटे आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला चार मीटरांहून थोड्या अधिक वेगाने पुढे जात असता. म्हणून सरळ पडणारा पाऊसही तुम्हाला समोरून, सुमारे ३३ अंश तिरपा येतो. छाती आणि मांड्या आधी भिजतात त्या यामुळे. तेव्हा पुढची बाजू बंद आणि पाठीवर झालरीखाली झरोका, असा रेनकोट पाहा. काखेतही भोके असली तर उत्तमच.

आता माझे खरे भांडण सांगतो. ते आहे आपल्या वडीलधाऱ्यांच्या दोन आवडत्या शब्दांशी: "वाढत्या अंगाचा" आणि "मळखाऊ".

वाढत्या अंगाचा म्हणजे घोळदार. त्याचा सोगा साखळीत किंवा चाकाच्या तारांत अडकला की सायकलस्वार जमिनीवर आलाच. शिवाय त्यात वारा भरतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला तर तो रेटा चौपट होतो. बाजूने झोत आला तर शीड उभारल्यासारखी सायकल कलते. म्हणून कमरेखाली थोडाच उतरणारा कोट आणि घोट्याशी बांधता येणारी विजार घ्या. ओढणी कोटाच्या आत खोचा.

मळखाऊ म्हणजे काळा, निळा, करडा. ढगाळ संध्याकाळी ओल्या डांबरी रस्त्यावर हे रंग दिसतच नाहीत. उजेडात आपल्या डोळ्याला सर्वांत ठळक दिसतो तो पिवळसर हिरवा. कोट मळला तर धुता येतो. पण मागच्या ट्रकचालकाला तुम्ही दिसला नाहीत, तर ती चूक धुता येत नाही. अंधारात मात्र रंगाचा भरवसा नको. तेव्हा उजेड आल्या वाटेने परत पाठवणारी चकचकीत पट्टी पाठीवर हवी, आणि दिवाही.

दुकानात आणखी एक परीक्षा घ्या. टोपी बांधा आणि खांद्यावरून मागे पाहा. मान वळली आणि टोपी जागीच राहिली, तर तुम्हाला रस्ता नव्हे, टोपीचे अस्तर दिसेल. असा कोट खुशाल परत करा.

तेव्हा माझे मत असे: सायकलस्वाराने पूर्ण कोरडे राहण्याचा हट्ट सोडावा. वह्या आणि एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दप्तरात ठेवावा. अंग थोडे ओले झाले तर पुसता येते. पाहता येणे, दिसणे आणि वेळेवर थांबता येणे हे आधी. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधी पाणी पुसते, मग पकड घेते. म्हणून ब्रेक लवकर दाबायला सुरुवात करा. आणि एका हातात छत्री धरून सायकल चालवणाऱ्याला एवढेच विचारा, "तुझा दुसरा ब्रेक कोण दाबणार?"

माझ्या मुलीने यंदा पिवळा कोट निवडला आहे. तो मळतो, अशी तिच्या आजीची तक्रार आहे. ती मला मान्य आहे.