ओल्या बाळंतिणीला कोठडी नको, खाट द्या

२०२५च्या ऑगस्टमध्ये काशीमिऱ्यात एका तरुण बाईकडे शंभर ग्रॅमच्या आसपास एमडी (मेफेड्रोन) सापडले. तो धागा धरून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचे पोलिस पुढच्या महिन्यात थेट तेलंगणातल्या चेरलापल्लीच्या कारखान्यावर जाऊन धडकले. या तपासाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण पकडलेला माल किलोत मोजता येतो. न पकडलेला माल कुणाच्या तरी शरीरात गेलेला असतो. त्यातली काही शरीरे बायकांची असतात, काही गरोदर बायकांची. त्यांची नोंद पंचनाम्यात होत नाही. ती प्रसूतिगृहात होते, आणि तीही झाली तरच.

तिथे अशी बाई आली की आपल्याकडे एक वाक्य तयार असते : ‘पोटात पोर असताना नशा करते, ती आई कसली?’ वॉर्डातल्या मावशी हे म्हणतात, सासरचे म्हणतात, चांगले शिकलेले लोकही म्हणतात. हा राग बाळाच्या काळजीतून येतो, हे मला कळते. म्हणून मी त्याला तुच्छ लेखणार नाही. पण त्या रागातून निघालेल्या मागण्या, म्हणजे तिला पोलिसांत द्या, मूल काढून घ्या, खोलीत कोंडून नशा सोडवा, या बाळाच्याच मुळावर येतात. हा लेख त्यांच्या विरोधात आहे.

बाळाला त्रास होतो, हे आधी स्वच्छ मान्य केले पाहिजे. आई गर्द ओढत असेल, अफूच्या वर्गातल्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटल्याच्या बाटल्या पीत असेल, तर तो अंमल नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. जन्मताच पुरवठा तुटतो आणि बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळ थरथरू लागते, कर्कश रडते, शिंकते, त्याला जुलाब होतात, दूध नीट ओढता येत नाही, झोप लागत नाही. उत्तेजक अमली पदार्थांनी बाळ कमी वजनाचे आणि दिवस भरण्याआधी जन्माला येण्याचा धोका वाढतो. आणि दारू? ती गर्भाच्या मेंदूची जी हानी करते ती जन्मभर भरून येत नाही. दारू तर परवान्याच्या दुकानात मिळते.

तंबाखूचे उदाहरण आणखी घरातले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झाले. आता सांगा, सकाळी मिश्री घासणाऱ्या गरोदर सुनेला तुरुंगात टाका, असे कुणी म्हणते का? कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. तिला आशाताई समजावते, डॉक्टर समजावतात. मग गर्दवालीसाठी न्याय वेगळा का? जो पदार्थ आपल्या ओळखीचा, तो आपल्याला ‘सवय’ वाटतो आणि जो परका, तो ‘गुन्हा’. बाळाच्या शरीराला हा भेद कळत नाही.

पहिली मागणी शिक्षेची. ही करून पाहिलेली गोष्ट आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात १९८९ साली एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने गरोदर बायकांची लघवी तपासून कोकेन सापडले की पोलिसांना कळवण्याची पद्धत सुरू केली. काही जणींना बाळंतपणानंतर लगेच अटक झाली. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, संमतीवाचून केलेल्या अशा तपासण्या घटनाबाह्य ठरवल्या. पुढे टेनेसी राज्याने २०१४ साली गरोदरपणातल्या नशेसाठी आईवर फौजदारी खटला भरण्याचा कायदा केला. गरोदर बायका तपासणीलाच जाईनाशा झाल्या. दोन वर्षांनी, २०१६ साली त्या कायद्याची मुदत संपली आणि विधिमंडळाने तो पुढे चालू ठेवला नाही.

भाईंदरच्या गणेश देवल नगरातली किंवा काशीमिऱ्याच्या वस्तीतली बाई अमेरिकेतल्या बाईपेक्षा वेगळी वागेल, असे मानायला काय आधार आहे? केस पेपरवर नाव गेले की पोलिस येतील, असे तिला नुसते वाटले तरी पुरे. ती नोंदणी करणार नाही, लोहाच्या गोळ्या घेणार नाही, सोनोग्राफीला जाणार नाही, आणि कळा सुरू झाल्यावर कुठल्या तरी रुग्णालयाच्या दारात पोहोचेल, पोहोचली तर. शिक्षेच्या भीतीने नशा सुटत नाही. दवाखाना सुटतो.

आणि आपला कायदा तरी काय म्हणतो? १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम २७ आहे. सेवनासाठी पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंतची कैद. ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच कायद्यातले कलम ६४-अ मात्र कुणी वाचत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला आली आणि तिने ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालवायचा नाही, असे ते सांगते. म्हणजे संसदेनेच दवाखान्याचा रस्ता आखून ठेवला आहे. अडचण एवढीच की उपचार ‘घेता येण्याजोगे’ असावे लागतात. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळालेला आढळला. वीसमधला तो एक बहुतेकदा पुरुष असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. आपली निवासी व्यसनमुक्ती केंद्रे पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली.

दुसरी मागणी घरातून येते : ‘चार दिवस कोंडा, आपोआप सुटेल.’ हिच्यामुळे जीव जाऊ शकतो. दारूची किंवा झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय एकाएकी तोडली तर झटके येतात. अफूच्या वर्गातल्या नशेत गरोदर बाईचा पुरवठा अचानक तोडला तर गर्भालाही त्याचा ताण बसतो, आणि बाई पुन्हा नशेकडे वळण्याची शक्यता फार मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गर्भवतीसाठी एकाएकी नशा सोडवण्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर देखरेखीखाली ठेवण्याचीच शिफारस केली आहे.

इथे लगेच आक्षेप येतो की ही तर एका नशेच्या जागी सरकारी नशा झाली. आक्षेप प्रामाणिक आहे, पण चुकीचा आहे. गर्दचा अंमल दिवसातून अनेकदा चढतो आणि उतरतो. त्यात भेसळ किती आहे, कुणाला माहीत नसते. तो मिळवण्यासाठी बाई चोरी करते, शरीर विकते, मार खाते. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ठरलेल्या मात्रेत, रोज, डॉक्टरच्या समोर मिळते, चढउतार थांबतो, बाई जेवते, झोपते, तपासणीला येते. बाळाला जन्मानंतर काही त्रास तरीही होऊ शकतो, हे लपवायचे कारण नाही. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात मेथाडोनवरच्या आयांपेक्षा ब्युप्रेनॉर्फिनवरच्या आयांच्या बाळांना मॉर्फिन ८९ टक्क्यांनी कमी लागले आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्कामही बराच घटला. आपल्याकडे ही गोळी नवी नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना ती वर्षानुवर्षे दिली जाते. एमडीला मात्र अशी पर्यायी गोळी नाही. तिथे समुपदेशन, झोप, आहार, मानसोपचार आणि चिकाटीने केलेला पाठपुरावा हेच उपचार आहेत. म्हणून तर माणसे लागतात, जागा लागते.

तिसरी मागणी सर्वांत सभ्य आवाजात येते आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे : ‘आधी ती बरी होऊ दे, मग मूल देऊ.’ तोवर बाळ अतिदक्षता कक्षात, नंतर शिशुगृहात. हे बाळासाठी चांगले आहे, असे म्हणणाऱ्यांनी बाळाचा उपचार कसा बदलला आहे ते पाहावे. १९७०च्या दशकात डॉ. लोरेटा फिनेगन यांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत बसवली; गुण वाढले की औषध, अशी रीत पडली. अलीकडे दुसरी पद्धत आली. बाळ खाते का, झोपते का, कुशीत घेतल्यावर शांत होते का, एवढे पाहायचे, खोलीत अंधार आणि शांतता ठेवायची, अंगावर पाजायचे, आईने उघड्या छातीशी धरायचे, आणि एवढ्याने भागले नाही तरच औषध. अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत १,३०५ बाळांवर ती तपासली गेली. २०२३ साली छापून आलेल्या निष्कर्षांप्रमाणे जुन्या पद्धतीत बाळ घरी जाण्याजोगे व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत होते, ते ८.२ वर आले. औषध लागणाऱ्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांपर्यंत उतरले. या पद्धतीतले पहिले औषध कुशीतली माणसाची ऊब आहे, आणि ती चोवीस तास देऊ शकणारे सर्वांत जवळचे माणूस आपण दाराबाहेर काढायला निघालो आहोत. ती उपचारावर स्थिर असेल, नवी नशा करत नसेल आणि एचआयव्हीसारखे दुसरे कारण आडवे येत नसेल, तर तिचे दूधही बाळाला चालते.

‘असली मुले पुढे वायाच जातात,’ हेही ऐकू येते. १९८०च्या दशकात अमेरिकेत कोकेनच्या बाळांबद्दल अशीच हाकाटी झाली होती. फिलाडेल्फियातल्या डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेल्या २२४ बाळांचा वीस-बावीस वर्षे पाठपुरावा केला. निम्म्यांच्या आया कोकेन घेत होत्या, निम्म्यांच्या नव्हत्या. दोन्ही गटांत बुद्धीचा लक्षणीय फरक निघाला नाही. दोन्ही गट मागे पडले ते गरिबीने.

ताटातुटीच्या विरोधात आपला कायदाही उभा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक स्थिती आजारात धरल्या आहेत. त्याचेच कलम २१ सांगते की मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालचे मूल सामान्यतः तिच्यापासून तोडायचे नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या आईजवळ सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला राहण्याची मुभा दिली. म्हणजे आई आरोपी झाली तर तिचे तान्हे बाळ कोठडीत तिच्याजवळ राहू शकते. पण ती रुग्ण म्हणून आली तर आई-बाळाची खाट शोधत तिने वणवण फिरायचे. ही अवस्था मला लाजिरवाणी वाटते.

यावर सर्वांत बळकट आक्षेप उरतो. आई खरोखरच बाळाला सोडून निघून गेली, नशेत त्याच्या अंगावर झोपली, घरात विक्रेताच राहत असला, तर? असे घडते. त्याचे उत्तर मानसिक आरोग्य कायद्याच्या त्याच कलम २१ मध्ये आहे : मनोविकारतज्ज्ञाला धोका दिसला तर मूल तात्पुरते वेगळे ठेवता येते, पण दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो आणि तीस दिवसांहून जास्त ताटातूट ठेवायची तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. आजी, मावशी, आत्या असेल तर तिला वॉर्डात बसवा. कुणीच नसेल तर बाल कल्याण समिती आहे. माझा विरोध तपासून घेतलेल्या निर्णयाला नाही, बाईचे तोंड पाहून घेतलेल्या निर्णयाला आहे.

मग करायचे काय? भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, आपण ज्याला टेंभा म्हणतो. २०११च्या जनगणनेतच मीरा-भाईंदर शहराची वस्ती आठ लाखांवर होती. त्या रुग्णालयात आई आणि बाळ एकत्र राहतील अशा चार-सहा खाटांची खोली मागणे हे काही भलतेच मागणे नाही. प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच केस पेपरवर लिहितील. तो केस पेपर पोलिस ठाण्यात जाणार नाही, हे भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असेल. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विशेष तपासणी होते. तिथे रक्तदाबाइतक्याच सहज स्वरात तंबाखू, दारू, गोळ्या, एमडी यांबद्दल विचारले जावे, सासू आणि नवरा बाहेर थांबलेले असताना. नवऱ्याचाही उपचार त्याच वेळी व्हावा. घरात पुडी आणणारा तोच असतो, अशी घरे कमी नाहीत.

आणि खरे जोखमीचे दिवस नंतर येतात. सव्वा महिना होतो, बारसे उरकते, सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. रात्रीची जागरणे, अंगात त्राण नाही, नवऱ्याची शिवीगाळ, आणि जुना पुडी विकणारा कोपऱ्यावर उभाच. म्हणून किमान वर्षभर आशाताईने त्या घरी जात राहिले पाहिजे, आणि या कामाचे तिला वेगळे पैसे मिळाले पाहिजेत.

हे स्वप्नरंजन आहे, असे कुणी म्हणेल. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला हात दिला, तेव्हा गर्दुल्ला हा पोलिसांनी हाकलायचा प्राणी होता. त्याला रुग्ण म्हणायला महाराष्ट्र तिथे शिकला. पुढे तिथेच स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग झाला. पण भाईंदरच्या ओल्या बाळंतिणीने पदरात बाळ घेऊन पुणे गाठायचे, याला व्यवस्था म्हणवत नाही.

आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि आमदाराला ही खोली मागणारे पत्र लिहा. आणि तुमच्या इमारतीत, चाळीत, नात्यात अशी कुणी गरोदर किंवा बाळंतीण असेल, तर तिला कोंडू नका, तिच्याबद्दल पोलिसांना कळवू नका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन लावून द्या, आणि ती बोलेपर्यंत तिच्या शेजारी बसा.