रांगेचा न्याय

लक्ष्मीपूजनाला मुंबईच्या शेअरबाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात आणि पेण-रोह्याच्या पेढ्यांवर वहीपूजन होते. परंतु ज्या खतावणीत आज खरा जमाखर्च उतरतो ती मुनिमाच्या नव्हे, तर संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाच्या हातची असते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. त्याच रोह्याशेजारच्या पेणमध्ये 2010 साली अर्बन सहकारी बँक बनावट कर्जखात्यांमुळे कोलमडली आणि ठेवीदारांच्या हाती फिर्यादीचे कागद तेवढे राहिले. पुढे 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखविल्याचे तपासात निघाले. एवढी खाती शाईने लिहिताना एखाद्या कारकुनाचा हात तरी दुखला असता!

बँकेत असत्य लपवावे लागते. सौद्यांच्या यंत्रणेत मात्र अन्याय रचनेतच, उजळ माथ्याने बसू शकतो. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या को-लोकेशन सेवेत, म्हणजे दलालांचे संगणक बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या सोयीत, भावांची माहिती सर्वांना एकदम न जाता जोडणीच्या क्रमाने एकामागून एक जात असे, म्हणजे सकाळी ज्याची जोडणी आधी त्याला भावही आधी. याबद्दल 30 एप्रिल 2019 रोजी सेबीने बाजाराला 624.89 कोटी रुपये सव्याज भरण्याचा हुकूम केला. जानेवारी 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, परंतु दक्षतेतील कसुरीबद्दल 100 कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या निधीत भरावयास सांगितले. कायद्याचा कीस तिकडे निघो. रांग कशी लावायची हा निर्णय प्रथम कोणा तरी अभियंत्याच्या पडद्यावर झाला होता, आणि क्षणाच्या सहस्रांशाचा लाभ कोणाच्या पदरात पडणार हे ओळखण्याइतके ज्ञान त्या विद्येतच अंतर्भूत असते.

‘वरून मसुदा आला, आम्ही तो उतरविला’ ही सबब आम्हांस मान्य नाही. हिशेबतपासनीसाला ताळेबंदाखाली सही करावी लागते, पूल बांधणारा अभियंता नकाशावर नाव घालतो. कोट्यवधींच्या बचतीची दिशा ठरविणारी आज्ञावली तेवढी निनावी का राहावी, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालेले नाही. अर्थात, तिशीच्या आतल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या मुलावर सारा भार टाकून संचालकांनी मोकळे व्हावे, असेही आम्ही म्हणत नाही. म्हणून अन्याय्य मसुदा उतरविण्यास नकार देणाऱ्याची नोकरी शाबूत राखण्याचा नियम कंपन्यांनी आधी करावा.

पेण-रोह्याहून ऐरोली-महाप्याच्या कचेऱ्या गाठणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना एवढीच विनंती, की असा मसुदा टेबलावर आला तर आपली लेखी हरकत दफ्तरी दाखल करावी आणि तिची पोच घ्यावी.