तेच झाड, तीच टेकडी

आमच्या घरी सध्या एक बेट आले आहे. ते कोठे वसले आहे म्हणाल, तर चिरंजीवांच्या टेबलावरील संगणकात! चिरंजीव अकरावीत आहेत. रात्रीची जेवणे आटोपली की ते कानांना यंत्र लावून या बेटावर उतरतात आणि गावोगावची मुले तेथे एकमेकांचा पाठलाग करतात. दिवाळीपूर्वी हा प्रकार एकदाचा बंद करावयाचा, असा निश्चय करून मी एका रात्री त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो; आणि दटावणे विसरून बेटच पाहू लागलो.

पहिली पाच मिनिटे मी थक्क झालो. गवत वाऱ्याने डुलत होते, टेकडीआड सूर्य मावळत होता. सहाव्या मिनिटाला मात्र शंका आली. डावीकडे फांदी झुकलेले एक झाड मघाशीच मागे पडले होते; ते पुन्हा समोर हजर! पुढे तीच पडकी भिंत, तोच खडक, तीच टेकडी. जुन्या नाटक मंडळ्यांजवळ म्हणे अरण्याचा पडदा एकच असे. शकुंतलेचे तपोवन तेच आणि सुभद्रेचे रानही तेच. मला त्या पडद्याची आठवण झाली.

“काय रे, या बेटावर झाड एकच आहे काय?”

“असतील पाच-सहा,” तो मान न वळवता म्हणाला. “पण बाबा, तुमच्या नोट्सची वही तरी दरवर्षी कुठं बदलते?”

शिक्षकाच्या पोटी जन्मलेली मुले अशीच बोलतात.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात चहाच्या वेळी संगणक विभागातील स्नेह्यांना मी छेडले. ते म्हणाले, यंत्राच्या स्मृतीत झाड एकदाच साठवायचे आणि मग तेच जरा फिरवून, जरा लहानमोठे करून हजार ठिकाणी उभे करायचे. बेट मोठे, चित्रकार मोजके, दुसरे काय करणार? कधी तर चित्रकाराऐवजी गणितालाच कामाला लावतात. १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलाइट’ नावाच्या खेळात या युक्तीने ८ आकाशगंगा बसविल्या. प्रत्येकीत २५६ सूर्यमाला. २०१६ सालच्या ‘नो मॅन्स स्काय’ने तर कमालच केली. त्यातील ग्रहांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६! बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट धान्य मागणाऱ्या त्या चतुर माणसाची गोष्ट आपण ऐकली आहे ना? त्याच्या दाण्यांहून हे ग्रह बरोबर एकाने जास्त. पण दाण्यासारखा दाणा, तसा ग्रहासारखा ग्रह, अशी पुष्कळ खेळणाऱ्यांची तेव्हा तक्रार होती.

मला मनातून आनंद झाला. नागपूरच्या मराठीच्या प्राध्यापकाजवळ यावर रामबाण उत्तर असते. रामटेक येथून जेमतेम पन्नास किलोमीटर. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. तेथून निघालेल्या मेघाला यक्ष जी वाट सांगतो, तीत एका मुक्कामासारखा दुसरा नाही. आम्रकूट निराळा, रेवा निराळी, विदिशा निराळी. आणि उज्जयिनीसाठी तर वाट वाकडी करण्याची गळ! याला म्हणतात भूप्रदेश. आता हे चिरंजीवांना ऐकवायचे, अशा तयारीने मी रात्री पुन्हा त्याच्यामागे उभा राहिलो.

तो कोणाला तरी सांगत होता, “अबे, झाडापाशी ये. आपल्या झाडापाशी.”

मला हसू आले. हजारांतले कोणते? पण पुढच्याच क्षणी टेकडी उतरून एक शिपाई धावत आला आणि नेमका त्याच झाडाखाली थांबला.

“त्याला कसे कळले रे?”

“तो गुवाहाटीला गेला ना, तेव्हा आम्ही पहिल्यांदा इथंच भेटलो होतो.”

हा मुलगा पूर्वी आमच्या शेजारी राहत असे. दोघे सायकलींवरून फुटाळ्याला जात. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांची बदली झाली.

माझे व्याख्यान घशातच राहिले. मला यक्षाच्या घराची खूण आठवली. अलकेत मंदारवृक्षांना काय तोटा? तरी आपल्या अंगणातला मंदार तो मेघाला वेगळा काढून दाखवतो. त्याच्या पत्नीने तो मुलासारखा वाढविला होता, म्हणून! वर्षानुवर्षे हे मी वहीतून शिकवीत आलो आहे.

तेवढ्यात गुवाहाटीहून आवाज आला, “काका, नमस्कार! फुटाळ्याच्या रस्त्यावर आमचं कडुनिंबाचं झाड आहे ना अजून?”

मी रोज पहाटे त्या रस्त्याने फिरायला जातो. तेथे कडुनिंब आहेत, एवढेच मला ठाऊक. सगळे सारखेच दिसतात!

“उद्या पाहून सांगतो,” मी म्हणालो. “खूण काय त्याची?”

दोघेही एकदम सांगू लागले. मी खुर्ची ओढून घेतली. बेट बंद करण्याचा विषय त्या रात्री निघाला नाही.