वूफर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा विसरा

दसरा-पाडव्याला दारात नवी गाडी येते आणि पाठोपाठ डिकीत वूफर बसवायचे बेत सुरू होतात. हौस जरूर करा. विनंती एवढीच, की वूफर पसंतीने आणि अ‍ॅम्प्लिफायर ‘कुठलाही चालेल’ म्हणून, अशी खरेदी करू नका. या दोघांचं जमलं नाही, तर महागातला महाग वूफरही नुसता बदबद वाजतो आणि एक दिवस कॉइल जळून गप्प होतो. बघायच्या गोष्टी दोनच आहेत : वॅट आणि ओहम.

आधी वॅट. खोक्यावर ठळक छापलेला १३०० किंवा १५०० हा आकडा ‘मॅक्स’ असतो. ते झाले दाखवायचे दात. वूफर बराच वेळ सलग वाजताना जेवढी ताकद झेलू शकतो, तो आकडा ‘आरएमएस’ या नावाखाली बारीक अक्षरांत सापडतो. १३०० वॅट मिरवणाऱ्या वूफरचा आरएमएस ३०० निघाला, तर नवल नाही. अ‍ॅम्पचाही आरएमएसच बघा, आणि तो वूफरच्या आरएमएसच्या आसपास किंवा थोडा जास्त असू द्या. अ‍ॅम्पवर ‘सीटीए-२००६’ असा उल्लेख असेल, तर त्याचा आकडा ठरलेल्या पद्धतीने मोजलेला असतो : १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त एक टक्का विकृती.

असा उल्लेख नसेल, तर अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. समजा अ‍ॅम्पवर ‘३००० वॅट’ छापलंय आणि फ्यूज ३० अँपिअरचा एकच आहे. चालू गाडीचे साधारण १३.८ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ४१४ वॅट. एवढीच वीज तो सलग आत घेऊ शकतो. क्लास-डी जातीचा अ‍ॅम्प असला, तरी काही वीज उष्णतेत जातेच. म्हणजे बाहेर फार तर साडेतीनशेच्या आत. तीन हजार येणार कुठून? हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

आता ओहम. इथे जास्त लोक फसतात. एकच अ‍ॅम्प ४ ओहमवर १८० वॅट देतो, २ ओहमवर ३०० आणि १ ओहमवर ५००. यातला कुठला आकडा आपल्याला मिळणार, हे वूफरची जोडणी ठरवते. ड्युअल कॉइलच्या वूफरला दोन कॉइल असतात. ‘४+४’ ओहमचा वूफर पॅरलल जोडला, तर २ ओहम होतो आणि सीरिजमध्ये जोडला, तर ८ ओहम. ‘२+२’चा वूफर पॅरललमध्ये १ ओहम, सीरिजमध्ये ४. म्हणजे वरच्या अ‍ॅम्पला ३०० वॅट आरएमएसचा वूफर लावायचा असेल, तर ‘४+४’ घ्या आणि पॅरलल जोडा. हिशेब चोख बसतो. त्याच अ‍ॅम्पवर ‘२+२’ घेतला, तर पॅरललमध्ये वूफरच्या डोक्यावर ५०० वॅट बसतात आणि सीरिजमध्ये जेमतेम १८० मिळतात.

एक ओहम झेपतो की नाही, हे अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. २ ओहमपर्यंतच चालणारा अ‍ॅम्प १ ओहमवर जोडला, तर तो तापून बंद पडेल किंवा कायमचा जाईल. चार चॅनेलच्या अ‍ॅम्पचे दोन चॅनेल ब्रिज करून वूफर लावणाऱ्यांनीही सांभाळा. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच ओहम दिसतो, म्हणून असे बहुतेक अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. एकट्या वूफरसाठी मोनो अ‍ॅम्प घेणं सरळ पडतं.

‘लहान अ‍ॅम्प घेतला की वूफर सुरक्षित’ हा समज सोडून द्या. दीडशे वॅटच्या अ‍ॅम्पकडून कुणी अडीचशेचा आवाज काढायला जातं, गेन आणि बास बूस्ट पूर्ण पिळतं आणि अ‍ॅम्प क्लिप होऊ लागतो. लाटेचा गोल माथा कापला जाऊन ती चौकोनी होते. पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद असते, म्हणजे दीडशेचे तीनशे. कॉइल जळते ती अशी.

म्हणून गेनला व्हॉल्यूमचं बटण समजू नका. फिटरला मल्टिमीटर लावायला सांगा. वूफरच्या वायरी काढायच्या, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवायचा, बास बूस्ट शून्यावर, आणि ५० हर्ट्झचा टोन लावून अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. ३०० वॅट आणि २ ओहमसाठी मीटरवर सुमारे २४.५ व्होल्ट दिसले, की गेन तिथेच थांबवायचा. वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ, एवढाच हा हिशेब. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला, की गाण्यातले शब्द वूफरमधून घुमत नाहीत.

वायरीत काटकसर नको. स्वस्त वायर वरून तांब्याची दिसते, आतून अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडली, की पांढरी पडते. तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा कमी वीज वाहते आणि जास्त तापते. बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज हवाच. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो; बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर गाडी वाचवणारा फ्यूज बॅटरीजवळचाच. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवून घ्या. बसवलेल्या वस्तूंची नोंद विमा पॉलिसीत करायला विसरू नका.

आणि रात्री सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना आवाज कमी करा. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्र आहे, आणि बास भिंतीतूनही शेजाऱ्याच्या घरात पोचतो.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून न्या : वूफरचा आरएमएस, जोडल्यावर होणारा ओहम आणि त्या ओहमवर अ‍ॅम्पचा आरएमएस. हे तीन आकडे जो दुकानदार पुस्तिका उघडून दाखवील, त्याच्याकडेच खरेदी करा. ‘आकडे सोडा, आवाज ऐका’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.