‘मला काही झाले नाही’



गेल्या महिन्यात श्रीरामपूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले. नगर-मनमाड रस्त्यावर त्यांच्या मोटारीला मागून टेम्पोचा धक्का बसला. बंपर वाकला, मागची काच तडकली. आत बसलेल्या चौघांपैकी कोणाला खरचटलेदेखील नाही. टेम्पोवाल्याशी रस्त्यातच मिटवून मंडळी घरी आली. ‘अशा वेळी १०८ ला फोन करायला हवा होता का? की किरकोळ कारणासाठी आपण रुग्णवाहिका अडवली, असे झाले असते?’ असे त्या विचारतात.

प्रश्नामागील विवेक मला आवडला. परंतु याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. अपघात किरकोळ आहे की मोठा, हे आपण गाडीकडे पाहून ठरवतो. इजा मात्र माणसाला झालेली असते.

३ जून २०१४ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाथर्डी तालुक्यातील भगवानगडावर ज्यांच्या दसरा मेळाव्याला आपल्या जिल्ह्यातील हजारो माणसे जात, ते गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. एका चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला, ते बसले होते त्या बाजूने धडक दिली. गाडीचा चक्काचूर झाला नव्हता, अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. त्यांनी पाणी मागितले आणि रुग्णालयात न्यायला सांगितले. काही मिनिटांत त्यांना ‘एम्स’मध्ये नेले, पण तोवर श्वास थांबला होता. शवविच्छेदनात यकृताला इजा होऊन पोटात झालेला रक्तस्राव आणि मानेच्या मणक्याची इजा आढळली. मागच्या आसनावर त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

त्यानंतर कित्येक महिने माझ्या दवाखान्यात लोक विचारत, ‘डॉक्टर, एवढ्याशा धक्क्याने माणूस जातो का?’ घातपाताचा संशय घेतला गेला, सीबीआयने तपास केला आणि तो अपघातच असल्याचा निष्कर्ष निघाला. राजकारण मला कळत नाही. पण ‘एवढ्याशा धक्क्याने’ या शब्दांत जो गैरसमज आहे, तो मला रोज भेटतो. तेव्हा रुग्णवाहिका बोलावली असती तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तशी इजा मिनिटांचाही अवधी देत नाही. सुदैवाने बहुतेक इजा अवधी देतात, आणि नेमका तोच अवधी आपण गाडीचे फोटो काढण्यात आणि नुकसानभरपाईच्या वाटाघाटीत घालवतो.

गाडी थांबली तरी शरीर पुढे जात राहते. शरीर थांबले तरी आतले अवयव पुढे जात राहतात. यकृत आणि प्लीहा हे रक्ताने भरलेले, मऊ अवयव. त्यांना चीर गेली तर रक्त पोटात साचते, बाहेर एक थेंबही दिसत नाही. तरुण माणसाचे हृदय वेगाने धडधडून रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. तो बोलतो, चालतो, भांडतोसुद्धा. आणि एकदम कोसळतो. डोक्याचेही तसेच. कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटली तर काही वेळा माणूस तासभर अगदी ठीक असतो. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर घसरून पडल्या. त्या हसत-बोलत होत्या, आलेली रुग्णवाहिका परत पाठवली गेली. पुढे डोके दुखू लागले आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. शिवाय अपघाताच्या धसक्याने शरीरात जी रसायने उसळतात, ती वेदनाही काही काळ दाबून ठेवतात. म्हणून ‘मला काही झाले नाही’ हे अपघातानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातील वाक्य मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

मग १०८ केव्हा फिरवायचा? कोणी क्षणभर जरी बेशुद्ध झाले असेल, घडलेले आठवत नसेल, तेच तेच विचारत असेल. मानेच्या मधल्या हाडावर दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील. छातीत किंवा पोटात दुखत असेल, पट्ट्याचा वळ पोटावर उमटला असेल. चेहरा पांढरा पडून घाम सुटला असेल किंवा सारखी तहान लागत असेल, तर विचार करत बसू नये. तहान हे रक्त कमी झाल्याचेही लक्षण असते. अशा माणसाला पाणी, चहा, कांदा काही देऊ नये. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भरलेले पोट अडचण करते. गर्भवती स्त्रीला मुळीच दुखत नसले तरी तपासणी हवीच, कारण पोटावरच्या धक्क्याने वार सुटण्याचा धोका असतो.

यांपैकी काही नसेल, सगळे शुद्धीवर असतील, स्वतःहून उतरून चालत असतील, तर रुग्णवाहिका नको. त्या दिवशी जवळच्या डॉक्टरांना दाखवून घरी जावे आणि चोवीस तास कोणीतरी लक्ष ठेवावे. वाढती डोकेदुखी, उलट्या, अवेळी गुंगी, पोट फुगणे किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठावे, माझ्यासारख्याच्या दवाखान्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या दिवशी मान-पाठ आखडणे मात्र पुष्कळांना होते. ते बहुधा स्नायूंचे दुखणे असते.

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ सालीच सुरू झाली. ती विनामूल्य आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. पोलीसही हवे असतील तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर आधी रस्ता, दिशा आणि जवळची खूण सांगावी: मैलाचा दगड, कारखान्याचे फाटक, पेट्रोल पंप. ‘राहुरीच्या पुढे’ एवढ्याने कोणी सापडत नाही. मानेला मार असल्याची शंका असेल तर आग किंवा वाहत्या रहदारीचा धोका असल्याखेरीज माणसाला गाडीतून ओढून काढू नये. आडरानात गाडीला वेळ लागेल असे कळले, तर कोठे न्यावे हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.

मदत करणारा पोलिसांच्या फेऱ्यात अडकतो, ही भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती मदतनीसाला संरक्षण देतात. चालकाने मात्र जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. रस्त्यात मिटवून टाकण्याची आपली जुनी सवय येथे अंगाशी येते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी गाळप हंगामात, संध्याकाळी, शनिशिंगणापूरहून परतणारे एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आले. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला त्यांची मोटार घासली होती. चालवणाऱ्या मुलाच्या कपाळाला मी तीन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. कोपऱ्यातल्या बाकावर आजी बसल्या होत्या. मी विचारले तर म्हणाल्या, ‘मला काय व्हतंय? पोराकडं बघा.’ मी पोराकडे पाहिले. हृदयाच्या झडपेसाठी त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात, हे मी विचारलेच नाही. त्यांचे डोके दाराच्या खांबाला लागले होते, हेही नाही. नवव्या दिवशी त्या सुनेला लेकीच्या नावाने हाक मारू लागल्या, हातातला तांब्या सुटू लागला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर साचलेले रक्त दिसले. शस्त्रक्रिया झाली, आजी वाचल्या. पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. मुलगा पुढे टाके काढायला आला तेव्हा मला काही बोलला नाही. त्यानंतर अपघाताचे कुटुंब आले की मी आधी सर्वांत गप्प बसलेल्या माणसाजवळ जातो.

श्रीरामपूरच्या भगिनींनो, तुमच्या पत्रात सासूबाई मागच्या आसनावर होत्या एवढा उल्लेख आहे. त्यांचे वय आणि त्या घेत असलेल्या गोळ्या लिहिलेल्या नाहीत. म्हातारपणी मेंदूवरचे असे रक्त कित्येक आठवड्यांनीही त्रास देऊ शकते. या महिनाभरात त्यांचे डोके दुखत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात विसंगती जाणवत असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आजच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा, आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.