मागचं लोखंड जरा बेतानं

उसाचं बिल खात्यावर आलं की गाडीला काहीतरी करून घ्यायची हुक्की येते. थारला किंवा बोलेरोला रुंद टायर आधीच चढलेले असतात. मग जड झालेली स्टेपनी मागच्या दाराला पेलत नाही, दार बिजागरीतून खाली बसतं आणि रस्ताभर खडखडतं. मिस्त्री म्हणतो, मागं जाड पत्र्याचा बंपर करू, त्याला उघडमीट करणारा दांडा काढू आणि स्टेपनी त्यावर टांगू. विचार चुकीचा नाही. पण बारामतीजवळच्या पिंपळी-लिमटेकच्या पोरांना आणि हे काम अंगावर घेणाऱ्या मिस्त्रींना चार गोष्टी तोंडावर सांगायला हव्यात.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या गाडीत मालकाला परस्पर फेरफार करता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांना बसवलेल्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. 2019 च्या दुरुस्तीनं तर कलम 182-अ आलं: प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीला देऊन बघा, दाव्याचं काय होतं ते कळेल. म्हणून बारामतीच्या परिवहन कार्यालयात (एमएच 42) जाऊन आधी लेखी विचारा. नाही म्हणाले तर रस्त्यावरच्या गाडीचा विषय तिथं संपला. गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तसल्या स्पर्धांसाठी वेगळी ठेवलेली गाडी ही निराळी गोष्ट.

खरं सांगायचं तर आपल्याकडे बहुतेकांना बंपर लागतच नाही. आपलं ऑफरोडिंग म्हणजे पाणंद, काळं रान आणि कालव्याकडेची ओली वाट. तिथं गाडी रुतली की ट्रॅक्टर येतो, साखळी लागते आणि गाडी निघते. त्यासाठी लागतो चासीला पक्का बसलेला हूक. तो थारला आणि जिमनीला कंपनीकडूनच येतो. साखळी बंपरला किंवा स्टेपनीच्या दांड्याला कधीच लावू नका. ओढताना वेल्ड सुटला तर लोखंडाचा तुकडा थेट ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीत येतो. दार खाली बसत असेल तर बिजागऱ्या आणि रबरी गुटके बदला, कंपनीच्या मापाचा टायर परत लावा. निम्म्या लोकांचं दुखणं एवढ्यानंच जाईल.

तरीही बंपर करायचाच, तर वजनाचा हिशेब आधी कागदावर मांडा. 3 मिमी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो आणि 5 मिमीचा 39 किलो. गिऱ्हाईक ‘जाड टाका’ म्हणतं आणि मिस्त्री टाकतो, कारण दर किलोवर असतो. हे सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं, त्यामुळे पुढची बाजू हलकी होते आणि चिखलात स्टिअरिंग ऐकत नाही. 3 मिमी पुरतो. ताकद जाडीपेक्षा घडीत असते.

बंपर चासीला कंपनीनं ठेवलेल्या भोकांतूनच, डोक्यावर 8.8 असा आकडा असलेल्या बोल्टांनी बसवायचा. चासीला नवी भोकं पाडायची नाहीत आणि तिच्यावर वेल्डिंगही करायचं नाही. सगळं वेल्डिंग बंपर खाली काढूनच करा. काही कारणानं गाडीवर एखादा टाका मारावाच लागला तर बॅटरीची तार सोडा आणि डिझेलची टाकी कुठं आहे ते आधी बघा.

जोखीम खरी आहे ती दांडा जिच्यावर फिरतो त्या खिळीत. 35 किलोचं चाक खिळीपासून 60 सेंटीमीटरवर असलं की नुसत्या उभ्या गाडीत तिच्यावर 21 किलो-मीटरचा पीळ येतो. खड्ड्यात आदळताना तो काही पटींनी वाढतो. साधी दाराची बिजागरी तिथं महिनाभर टिकणार नाही. ट्रॉलीच्या हबमध्ये असतात तशी वर एक, खाली एक अशी दोन टेपर बेअरिंगं घाला, ग्रीस निप्पल ठेवा. दांडा बंद झाला की त्याचं मोकळं टोक बंपरवरच्या उतरत्या ठोकळ्यावर चढून बसलं पाहिजे, म्हणजे भार दोन्हीकडे वाटला जातो. उघडा दांडा अडकवायला पिन हवीच. नाहीतर उतारावर तो फिरतो आणि मागं उभ्या माणसाच्या बरगडीत बसतो. पाईपची तोंडं बंद केलीत तर खाली पाणी निघायला एक भोक ठेवा, नाहीतर गंज आतून खातो.

नंबरप्लेट, तिचा दिवा, ब्रेकचे दिवे आणि 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झालेले रिव्हर्स सेन्सर यांतलं काहीही झाकलं जाता कामा नये. कोपरे गोल घासा. तुकोबारायांची पालखी बारामतीहून पिंपळीवरूनच काटेवाडीला जाते. त्या गर्दीत तुमच्या गाडीचा धारदार कोपरा वारकऱ्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवर असतो.

आणखी एक, जरा आडवाटेचं. ज्यांच्या दारात थार आहे त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात उसाची ट्रॉलीही आहे. हंगामात ती छत्रपती साखर कारखान्याच्या वाटेवर अंधारात, मागं एकही दिवा न लागता जाते. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मागची बाजू मजबूत करायला पैसे काढलेच असतील, तर आधी ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू दिवा लावून घ्या. गाडीचा बंपर पुढच्या बिलाला बघू.