दिसण्यासाठी पाण्यात, लपण्यासाठी खडकांत

वसई-विरारच्या किनाऱ्यावर कुणी बुडाले की चर्चा बहुधा पर्यटकांचा बेफिकीरपणा, मद्यपान आणि पावसाळ्यातील मनाई या तीन मुद्द्यांभोवती फिरते. किनाऱ्यावर जोडीने येणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींचा विषय निघालाच, तर तो सभ्यतेचा प्रश्न म्हणून निघतो, सुरक्षिततेचा म्हणून नाही. ही विभागणी चुकीची आहे. पंधरा ते अठरा या वयात समुद्रावर घेतले जाणारे धोके मुख्यतः दोन जातींचे असतात: एक कुणाला तरी दिसावे म्हणून घेतलेला, आणि दुसरा कुणालाच दिसू नये म्हणून घेतलेला. मनाई आणि धाक यांनी पहिला धोका फारसा आटोक्यात येत नाही, दुसरा मात्र निश्चितपणे वाढतो.

पहिल्या जातीच्या धोक्याविषयी मानसशास्त्राने बरेच काही सांगून ठेवले आहे. अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या वयाच्या व्यक्तींपैकी काहींना मोटार चालवण्याचा एक संगणकीय खेळ एकट्याने आणि काहींना समवयस्कांच्या देखत खेळायला दिला, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्या किशोरांपेक्षा मित्रांच्या देखत खेळणाऱ्या किशोरांनी अधिक धोका पत्करला, आणि प्रौढांच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. त्याहून नेमका प्रयोग रिचर्ड रोने आणि विल्यम फॉन हिपेल यांनी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे चाकांच्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, कसरती करणाऱ्या तरुणांवर केला व २०१० मध्ये प्रसिद्ध केला. अशा कसरतीत हवेत असतानाच, क्षणाच्या अंशात, ती पुरी करायची की सोडून द्यायची हे ठरवावे लागते. निरीक्षक पुरुष असताना हे तरुण फसत चाललेली कसरत वेळीच सोडून देत, परंतु एक आकर्षक तरुणी पाहत असताना ती सोडायला तयार होत नसत, आणि परिणामी त्यांच्या यशस्वी कसरतीही वाढल्या व आपटण्याचे प्रसंगही वाढले. यातील यशाचा भाग विसरून चालणार नाही, कारण धाडस हे या वयात केवळ अविचाराचे लक्षण नसते, तर आपली योग्यता आवडत्या व्यक्तीपुढे सिद्ध करण्याची ती एक जुनी आणि बऱ्याच वेळा फळाला येणारी रीत असते. ‘असले वेडे धाडस करू नका’ हा उपदेश म्हणूनच फुकट जातो.

याच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, सिडनीजवळच्या क्रोनुला या लाटांवर फळीने स्वार होणाऱ्यांच्या म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांच्या वस्तीत वाढलेल्या कॅथी लेट आणि गॅब्रिएल कॅरी या दोघींनी १९७९ साली ‘प्युबर्टी ब्लूज’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील मुलगे पाण्यात असतात आणि मुली वाळूवर बसून त्यांचे टॉवेल सांभाळतात, त्यांच्यासाठी खाणे आणतात व त्यांच्याकडे पाहत राहतात. फळीला हात लावणे मुलींना वर्ज्य असते. कळंब, राजोडी, नवापूर किंवा अर्नाळ्याच्या वाळूवर सर्फिंगची फळी सहसा दिसत नाही, पण मांडणी हीच दिसते. मुलगे अंगातल्या कपड्यांनिशी कंबरभर, छातीभर पाण्यात शिरतात, आणि मुली चपला, दप्तरे व मोबाइल सांभाळत चित्रफीत घेतात. मुलींना पोहणे शिकवलेले नसते, आणि भिजलेल्या कपड्यांनी घरी जाण्याची सोय नसते. आता तर मोबाइलमुळे पाहणारी एक उरत नाही, न दिसणारे शेकडो जण तिच्यात मिळतात. जिने पाण्याचा धोका कधी स्वतः अंगावर घेतलेला नाही, तिला समोरचा मुलगा केव्हा खेळतो आहे आणि केव्हा बुडतो आहे हे ओळखता येणे कठीण असते, शिवाय बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण त्याचा सगळा श्वास नाक वर ठेवण्यातच खर्च होत असतो. प्रेमात पडलेल्या मुलीला निव्वळ प्रेक्षक करून ठेवणारी ही रीत मुलीवर अन्याय करते हे उघड आहे. ती मुलाच्याही जिवावर उठते, याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

दुसऱ्या जातीचा धोका समजून घेण्यासाठी येथील किनाऱ्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख यांच्या दरम्यानचा हा किनारा बहुतांशी सपाट वाळूचा असून मध्ये मध्ये खडक, तिवरांचे पट्टे आणि सुरूच्या बागा आहेत. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीत, मुंबईलगतच्या या समुद्राची पातळी ओहोटीच्या तुलनेत चार मीटरहून अधिक चढते, तर अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी भांग म्हणतात, ती बरीच कमी चढते. हे पाणी सहा तास सारख्या वेगाने येत नाही. मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे पाणी भरते. वाळूचा उतार शंभर मीटरला एक मीटर धरला, तर त्या दोन तासांत पाण्याची कड दोनशे मीटर आत सरकते, आणि तीही सरळ रेषेत सरकत नाही, कारण वाळूच्या उंचवट्यामागचे सखल भाग आधी भरतात व उंचवट्यावर पाठमोरे बसलेल्यांचा परतीचा रस्ता समोरचे पाणी अजून लांब असतानाच तुटतो. लाटांनी किनाऱ्याशी आणून टाकलेले पाणी जेथून अरुंद वाटेने परत खेचले जाते, तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा नवख्याला सर्वांत शांत आणि सुरक्षित वाटते. खरे तर तीच सर्वांत घातक असते. तिच्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध झगडण्याऐवजी तरंगत राहून हात वर करावा किंवा किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, एवढे ज्ञान जीव वाचवू शकते.

कोळीवाड्यातील मुलाला हे घरातच मिळते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अदमासे वेळ निघते, म्हणजे पंचमीला पावणेचार आणि अष्टमीला सहा, हा हिशेब त्याला शाळेआधी येतो. परंतु २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख २२ हजार लोकसंख्या नोंदवलेल्या या शहरातील बहुसंख्य मुले कोळीवाड्यातील नाहीत. नालासोपारा-विरारच्या पूर्वेकडील चाळींत आणि एका खोलीच्या घरांत पाच-सहा माणसांत राहणाऱ्या मुलामुलीला दोन तास निवांत बोलण्याची जागा घरात नसते, सोसायटीच्या गच्चीला कुलूप असते, बागेतून रखवालदार उठवतो, आणि रिक्षाचे भाडे वाटून घेतले की समुद्र मात्र गाठता येतो. तेथेही उघड्यावर बसावे तर ओळखीचे कुणी पाहील, गावातील मंडळी हटकतील, पोलीस घरी फोन लावतील, या भीतीने ती दोघे आणखी पुढे, सुरूच्या बागेपलीकडे, खडकांच्या आडोशाला सरकतात. जीवरक्षकाची नजर आणि हाक जेथे पोहोचत नाही, नेमकी तीच जागा त्यांच्या दृष्टीने चांगली ठरते. पाणी वाढू लागले तरी हाक मारायला ती कचरतात, कारण हाक मारणे म्हणजे सापडणे.

ही भीती निराधार नाही. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन करण्यास मनाई करणारी तरतूद महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० मध्ये आहे, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांच्या बंद खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून त्यांच्यावर याच तरतुदीचा वापर झाला होता. अल्पवयीनांच्या बाबतीत गोष्ट अधिक गंभीर होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, पॉक्सो नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि त्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक ठरवले. त्याआधी संमतीचे वय सोळा होते. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतील २०१६ ते २०२० या काळातील ७,०६४ निकालांच्या एका अभ्यासात १,७१५ प्रकरणे, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांची आढळली. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय खाली आणू नये, परंतु सोळा ते अठरा वयोगटातील संमतीच्या संबंधांत शिक्षेबाबत न्यायालयांना मार्गदर्शित विवेकाधिकार द्यावा, अशी शिफारस केली. समुद्राकाठी हात धरून बसणे हा पॉक्सोखालील गुन्हा नव्हे, पण सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांची गाडी दिसते तेव्हा तो कलमे तपासत बसत नाही, तो पळतो. आणि या किनाऱ्यावर पळायला एका बाजूला रस्ता व दुसऱ्या बाजूला पाणीच असते.

पावसाळ्यात किनाऱ्यावर जाण्यास मनाई करणारे आदेश निघतात, आणि उधाणाच्या दिवसांत ते योग्यही असतात. पण २०१९ च्या धुळवडीला, मार्च महिन्यात, कळंबच्या किनाऱ्यावर पाच जण बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता. वर्षभर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक नेमण्याला पर्याय नाही, आणि गोव्याने २००८ पासून ही व्यवस्था चालवून दाखवली आहे. अर्नाळा किंवा कळंबच्या कोळी-भंडारी तरुणांइतकी या पाण्याची माहिती अन्य कुणाला असणार? तमिळनाडूतील कोवलम या मासेमारीच्या गावात तेथीलच तरुणांनी सर्फिंग शिकून ते गावातील मुलांना शिकवले, आणि धाडसाला शिस्तीची जोड मिळाली, कारण फळीवर उभे राहण्याआधी लाट, वारा आणि प्रवाह वाचणे शिकावे लागते. वसईच्या सपाट किनाऱ्यावर त्या दर्जाच्या लाटा मिळणार नाहीत, पण पोहण्याचे, तरंगण्याचे आणि दोर फेकून दुसऱ्याला वाचवण्याचे वर्ग येथे सहज चालतील, आणि त्यांत निम्म्या जागा मुलींसाठी राखल्या पाहिजेत. कनिष्ठ महाविद्यालयांनी भरतीचा हिशेब आणि परतीच्या प्रवाहाची ओळख हा एका तासाचा विषय अकरावीच्या सुरुवातीलाच घ्यावा, मुलामुलींना एकत्र बसवून घ्यावा, आणि तो घेताना ‘तुम्ही तेथे जाताच कशाला’ हा प्रश्न वर्गात येऊ देऊ नये.

महापालिकेने राजोडी आणि अर्नाळ्यासारख्या ठिकाणी भरतीच्या रेषेच्या वर दिवे, बाके आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फलक द्यावा, म्हणजे बसायला खडकांपेक्षा बरी जागा मिळेल. तेथे नेमलेल्या जीवरक्षकाला कुणाचे नाव, वय वा नाते विचारण्याचा अधिकार नसावा, आणि त्याने पाण्यातून बाहेर काढलेल्या मुलामुलीची प्रकृती ठीक असल्यास केवळ ती दोघे एकत्र होती म्हणून पोलिसांना वर्दी जाणार नाही, हे पोलीस आयुक्तालयाने लेखी जाहीर करावे.